कॉम्प्युटरला सही येत नाही

बँकेत चिकटून मला आता वीसेक वर्षं होतील. या वीस वर्षांत काय केलंत, असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येईल : सह्या. व्हाउचरवर सही, स्क्रोलवर सही, कॅशबुकात सही, किल्ल्यांच्या रजिस्टरात सही, आणि ते रजिस्टर ज्या कपाटात असतं त्या कपाटाची किल्ली घेतली म्हणून आणखी एक सही. नोकरीला लागलो तेव्हा माझी सही चांगली ऐटबाज होती. आडनावाच्या शेपटाला एक झोकदार वळण, खाली दोन टिंबं. झिजत झिजत ती आता एका आडव्या रेघेवर आली आहे. मधे जरासा फुगवटा. दिसायला मेलेली मुंगी. पण तेवढ्या मुंगीवरून तीन वर्षांनी आलेला इन्स्पेक्टर बरोबर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "हे इनिशियल तुमचंच ना?"

व्हाउचर असतं दहा रुपयांचं! पण बँकेचा धर्मच असा, की एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि दोघांनी खाली एकेक मुंगी मारायची. कॉम्प्युटर आला म्हणून हा धर्म काही बुडाला नाही. त्याला 'मेकर-चेकर' असं इंग्रजी नाव मिळालं एवढंच.

नीट पाहिलंत तर सगळं जगच या मुंग्यांवर चाललेलं आहे. कंपनीचा ताळेबंद निघाला की खाली चार्टर्ड अकौंटंटची सही लागते. त्यानं लबाडी केली तर १९४९च्या कायद्याखाली त्याचं नाव रजिस्टरातून उडू शकतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असतो. (औषधाचं नाव वाचता येत नाही, पण क्रमांक असतो.) वकिलाला सनद लागते. इमारतीच्या नकाशावर आर्किटेक्ट सही करतो. फार कशाला, घरात विजेचं नवं कनेक्शन घ्यायचं तर लायसन्सवाल्या माणसाच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. वायर चुकीची जोडली तर शॉक कुणाला बसेल ते सांगता येत नाही. पण नोटीस कुणाला जाईल ते आधीपासून ठरलेलं असतं.

अपवाद एकच. ज्यांच्या कामावर आज या सगळ्यांची कामं चालतात, बँकेची खाती, इस्पितळाची बिलं, रेल्वेचं रिझर्व्हेशन, पगार, पेन्शन, त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना मात्र कुठं म्हणून सही करावी लागत नाही. आणि माझं म्हणणं असं, की ती करावी लागली पाहिजे. आपल्या नावानं, आपल्या हातानं. हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे मागाहून कुणी 'विनोदी म्हणून वाचायला घेतला' अशी तक्रार करायला नको.

भांडणाला सुरुवात घरापासून केली. माझा भाचा हिंजवडीला एका कंपनीत आहे. त्याचा पगार मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकल्यावर मला माझ्या पगाराची लाज वाटते आणि माझा पगार सांगितल्यावर त्याला माझी दया येते. पण सहीचं मात्र विचारलं.

"मामा, तुला वाटतं तसं नसतं ते," तो म्हणाला. "प्रोग्रॅम काय एकटा माणूस लिहितो? टीम असते."

"मग टीमपैकी कोण सही करतं?"

"सही कशाला? कुणी कुठली ओळ लिहिली त्याची नोंद राहते सिस्टीममध्ये."

"ती गिऱ्हाइकाला दिसते?"

"गिऱ्हाइकाला कशी दिसेल? ती आतली गोष्ट."

"मग चुकलं तर गिऱ्हाइकानं कुणाला धरायचं?"

"कंपनीला."

"आणि कंपनी काय म्हणते?"

भाचा हसला. म्हणाला, "कंपनी म्हणते, अटी वाचा. सॉफ्टवेअर 'जसं आहे तसं' या तत्त्वावर दिलेलं असतं."

'जसं आहे तसं'! आमच्या चाळीत एकानं एकोणीस वर्षांची स्कूटर विकताना कागदावर हेच शब्द लिहिले होते. पण स्कूटर घेणारा निदान लाथ मारून बघतो. इथं तीही सोय नाही. या साऱ्या व्यवहारात सही करणारा माणूस एकच, तो म्हणजे गिऱ्हाईक! 'मला सर्व अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण केल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. बनवणारा निनावी, विकणारा निनावी, आणि वापरणाऱ्याचं मात्र नाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर. असा उलटा ताळेबंद मी बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "असेल बुवा. पण सहीवाचून कुणाचं घोडं मेलं?" त्यासाठी विलायतेला जावं लागेल. तिकिटाचा खर्च नाही. मी सांगतो ते ऐका. ही गोष्ट वाचताना कुठल्याही बँक कारकुनाच्या पोटात गोळा उठेल, माझ्याही उठला. म्हणून तर लिहायला बसलो.

ब्रिटनमध्ये खेडोपाडी पोस्ट ऑफिस म्हणजे बरेचदा एक दुकान असतं. एका बाजूला पाव, दूध, वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. चालवणारे नवरा-बायको. त्यांना म्हणायचं सब-पोस्टमास्तर. पेन्शन वाटायची, तिकिटं विकायची, हिशोब जुळवायचा. १९९९ सालापासून पोस्टानं या खिडक्यांवर 'हरायझन' नावाची कॉम्प्युटर व्यवस्था बसवायला घेतली. ती तयार केली होती आयसीएल या कंपनीनं. तिची मालक जपानची फुजित्सू. पुढे पाटीही फुजित्सूचीच लागली.

आणि खिडक्यांवर कॅश शॉर्ट यायला लागली.

'कॅश शॉर्ट' हे दोन शब्द ज्यानं कधी आपल्या खिडकीवर ऐकले नाहीत त्याला त्यातली भीती सांगून कळायची नाही. नोटा पुन्हा मोजायच्या. ड्रॉवर उपसायचा. टेबलाखाली वाकायचं. सकाळपासूनचं एकेक गिऱ्हाईक आठवायचं. बँकेत निदान शेजारी चार माणसं असतात, हेडकॅशियर असतो, चहा असतो. त्या सब-पोस्टमास्तरांपाशी काय होतं? एक पडदा आणि एक मदतीचा फोन नंबर. शिवाय करारच असा समजला जाई, की तूट आली तर ती खिशातून भरायची.

हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन नावाच्या बाई दुकान चालवत. एकदा दोन हजार पौंडांच्या घरात तूट दिसली. त्यांनी मदतीचा फोन लावला. पलीकडून सांगितलं, हे बटण दाबा, ते बटण दाबा. बाईंनी दाबलं. तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली! पैसे भरता भरता घर गहाण पडलं. शेवटी चोरीचा आरोप टळावा म्हणून त्यांनी खोटे हिशोब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून पैसे भरायला मदत केली. गावाला माणूस कळला होता. कळला नव्हता तो कॉम्प्युटरलाच.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी नव्वदाहून अधिक वेळा फोन केले. काहीतरी चुकतंय, बघा, असं सांगितलं. पोस्टानं पंचवीसेक हजार पौंडांच्या तुटीसाठी त्यांच्यावरच दावा लावला. २००७ साली ते हरले आणि खर्चापोटी ३,२१,००० पौंडांचा बोजा डोक्यावर आला. दिवाळं निघालं.

आणि सीमा मिश्रा. मूळच्या आपल्याकडच्या, सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटला पोस्ट चालवणाऱ्या. तूट ७४,००० पौंडांच्या घरातली. २०१०च्या नोव्हेंबरात त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि बाई गरोदर होत्या.

अशी एकूण किती माणसं दोषी ठरली? नऊशेहून अधिक. त्यांतल्या सातशेच्या आसपास लोकांवरचे खटले पोस्टानं स्वतःच भरले होते. तिकडे तशी सोय आहे. म्हणजे तक्रारदारही तेच, तपास करणारेही तेच आणि फिर्यादीही तेच. आमच्या बँकेत एकाच माणसाला मेकर आणि चेकर होता येत नाही हो! दहा रुपयांच्या व्हाउचरला जी काळजी, ती माणसाच्या अब्रूला नाही.

बरं, प्रत्येकाला फोनवर काय सांगितलं जाई? "असं फक्त तुमच्याकडेच होतंय." ही थाप मी ओळखतो. सोसायटीत पाणी आलं नाही की वॉचमन प्रत्येक मजल्यावर हेच सांगतो. फरक एवढाच, की तिथं जिन्यात दोन बायका भेटतात आणि थाप फुटते. या लोकांना एकमेकांचा जिना सापडायला बरीच वर्षं लागली. 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकानं २००९ साली पहिल्यांदा ही प्रकरणं छापली. त्याच वर्षी वेल्समधले ॲलन बेट्स, ज्यांचं पोस्ट २००३ साली काढून घेतलं होतं, त्यांनी सगळ्यांची संघटना बांधली.

आता या हरायझनच्या पोटात काय होतं ते बघू. १९९८ साली, म्हणजे व्यवस्था गावोगाव जाण्याआधीच, ती बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी आपल्या प्रोग्रॅमची तपासणी करून अहवाल लिहिला होता. त्यात एक नमुना दिला आहे. काम साधं : रकमेचं चिन्ह उलटायचं. जमेचं नावे, नावेचं जमा. उणे एकानं गुणलं की झालं; सातवीतला पोरगा करील. पण या गड्यानं काय करावं? रक्कम उणे असेल तर तिचं उणे चिन्ह पुसायचं, आणि अधिक असेल तर रकमेतून रकमेचीच दुप्पट वजा करायची! शंभरातून दोनशे गेले, उणे शंभर उरले. उत्तर बरोबर येतं, नाही असं नाही. दादरहून माटुंग्याला कल्याणमार्गे गेलं तरी माटुंगा येतंच. अहवाल लिहिणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं, की ज्यानं हे लिहिलं त्याला प्राथमिक गणितही कळत नाही. अहवाल फाइलला लागला. प्रोग्रॅम खेड्यांत गेला. आणि ते लिहिणाऱ्याचं नाव? अहो, सहीच नाही, तर नाव कुठलं!

स्कॉटलंडमध्ये डालमेलिंग्टन नावाचं गाव आहे. २०१५ साली तिथल्या पडद्यावर ८,००० पौंड नोंदवताना पडदा थिजला. पडदा थिजल्यावर माणूस काय करतो? आपण सगळे जे करतो तेच : एंटर दाबत राहतो. प्रत्येक वेळी आतल्या आत रक्कम पुन्हा नोंदली गेली. चार वेळा. हिशोबात २४,००० पौंडांचा फरक! गणकयंत्र म्हणून आणलं आणि प्रतिध्वनी निघाला.

अशा चुकांची कंपनीकडे चक्क एक वही होती. 'ज्ञात चुकांची नोंद' असंच तिचं नाव. म्हणजे चुका अज्ञात नव्हत्या. ज्ञात होत्या, नोंदलेल्या होत्या, फक्त ज्याच्या मानेवर सुरी होती त्याला दाखवायच्या नव्हत्या. शिवाय, तुमच्या हिशोबाला तुमच्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत होतं. प्रत्यक्षात कंपनीतली माणसं दूर बसून, खिडकीवरच्या माणसाला पत्ता न लागू देता, आकडे बदलू शकत होती. खिडकी याची, सही याची, आणि हात भलत्याचाच.

कोर्टानं हे विचारलं नाही का? इथं कायद्याची गंमत आहे. ब्रिटनमध्ये १९८४च्या एका कायद्यात कलम होतं, की फौजदारी खटल्यात कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणणाऱ्यानं तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवलं पाहिजे. फार कटकटीचं आहे म्हणून १९९९ साली कायदा करून ते कलम काढून टाकलं. १९९९! म्हणजे एका दारानं हरायझन आत आलं आणि त्याच वर्षी दुसऱ्या दारानं पहारेकरी रजेवर गेला. मागं उरलं एक गृहीतक : कॉम्प्युटर बरोबर चालतो असं धरून चालायचं, तो चुकला असं ज्याला म्हणायचंय त्यानं ते दाखवून द्यावं. आता पाव विकणाऱ्या बाईनं ते कसं दाखवायचं? चुकांची वही कंपनीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली पोस्टाच्या वकिलाच्या मित्राकडे. माणूस गुन्हा शाबित होईपर्यंत निर्दोष, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. इथं कॉम्प्युटर निर्दोष होता, म्हणून माणूस दोषी.

कंपनीचा एक वरिष्ठ इंजिनिअर या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायचा. २०१३ साली पोस्टाच्याच एका वकिलानं लेखी कळवलं, की या माणसाला चुका ठाऊक होत्या आणि त्यानं त्या कोर्टापुढं मांडल्या नाहीत. तज्ज्ञ म्हणून त्याचं कर्तव्य त्यानं पाळलं नाही. तेही पत्र फाइलला लागलं. फाइली विलायतेतही आपल्यासारख्याच असतात, हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं, पण क्षणभरच.

पुढचं सगळं उशिराचं शहाणपण आहे. २०१९च्या डिसेंबरात ५५५ जणांच्या दाव्यात न्यायमूर्तींनी हरायझनमध्ये चुका होत्या हे मान्य केलं. २०२१च्या एप्रिलमध्ये वरच्या कोर्टानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सीमा मिश्रा त्यांत होत्या. त्यांचा मुलगा तोवर वीस वर्षांचा झाला होता. २०२४च्या जानेवारीत टीव्हीवर त्यावर मालिका आली, देश पेटला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पार्लमेंटनं खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसून टाकल्या. २०२५च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला भाग आला. त्यात म्हटलं आहे, की या छळापायी तेरा माणसांनी तरी जीव दिला असावा. इथं विनोद थांबतो. थांबायलाच हवा.

आता कुणी म्हणेल, हे साहेबाच्या देशातलं झालं, आपलं काय? आपल्याकडे कागदावर तरी परिस्थिती बरी आहे. बँकांच्या वह्यांच्या पुराव्याचा कायदा आहे १८९१चा. २००० साली त्यात भर पडली, की कॉम्प्युटरचा उतारा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत ब्रँच मॅनेजरचं प्रमाणपत्र हवं, शिवाय कॉम्प्युटरची जबाबदारी असलेल्या माणसाचंही हवं, की सिस्टीम त्या वेळी नीट चालत होती. इतर कामकाजातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यालाही असं प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या एका निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २०२० साली कोर्टानं ते सक्तीचं आहे असं बजावलं. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम ६३ खाली, पक्षकाराबरोबर तज्ज्ञाचीही सही मागितली आहे.

वा! सही मागणारा कायदा! माझ्यासारख्याला हर्षवायू व्हायचा. पण ही सही करतो कोण? शाखेत 'कॉम्प्युटरची जबाबदारी असलेला माणूस' कसा ठरतो ते मी पाहिलं आहे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ज्याला न फाडता काढता येतो, तो सिस्टीमचा इनचार्ज. आणि साहेब? एका साहेबांपुढं असं प्रमाणपत्र आलं तेव्हा ते मला म्हणाले, "अहो, हे सिस्टीम नीट चालत होती म्हणून लिहून मागतायत. चालत होती का?"

"साहेब, दिवे तर लागले होते."

"मग करायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी सही ठोकली.

साहेबांची चूक नव्हती. खातं शाखेत, सर्व्हर दुसऱ्या गावात, प्रोग्रॅम तिसऱ्याच कंपनीनं लिहिलेला. ज्याला आतलं माहीत आहे तो सही करत नाही. ज्याला आतलं माहीत नाही त्याच्याकडून कायदा सही घेतो. ही सही नव्हे, ही स्वयंपाक्याऐवजी वाढप्यानं दिलेली चवीची हमी.

माझ्या मागणीवर आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. पहिला, शंभर माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कोण सही करणार? अहो, पुलावर काय एकटा गवंडी असतो? ताळेबंद काय एकटा सी.ए. लिहितो? शंभरांचं काम तपासून 'हे ठीक आहे' म्हणायला एकजण लागतो. त्यालाच तर जबाबदार माणूस म्हणतात.

दुसरा, यानं काम मंदावेल, प्रगती खुंटेल. मेकर-चेकरनं बँकिंग खुंटलं नाही. फार तर रांग जरा लांबते, आणि रांगेत उभं राहण्याचा आपला सराव दांडगा आहे.

तिसरा आक्षेप ताजा आहे. आता प्रोग्रॅमही यंत्रच लिहून देतं, मग सही कुणाची? हा तर आक्षेप नव्हे, माझ्या बाजूचा साक्षीदार! पत्र टायपिस्टनं टाईप केलं म्हणून साहेबाची सही सुटली, असं कुठल्या ऑफिसात ऐकलंय? उलट टायपिस्ट जितका भरधाव, तितकं साहेबानं चष्मा लावून वाचायला हवं.

चौथा आक्षेप नैतिकतेचा. "आमच्या धंद्यात आचारसंहिता आहे की!" आहे ना. अमेरिकेतल्या एसीएम या संगणकवाल्यांच्या संस्थेची संहिता १९७२ची आहे, २०१८ साली ती नव्यानं लिहिली गेली. वाचायला उत्तम आहे. पण प्रोग्रॅम लिहायला त्या संस्थेचं सभासद असावं लागत नाही, आणि तिथून काढून टाकलं तरी माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तेच काम करू शकतो. डॉक्टरनं नोंदणी गेल्यावर दवाखाना उघडला तर पोलीस येतात. इथं फार तर एक ई-मेल येईल.

आणि शेवटचा आक्षेप भाच्याचा. तो मात्र मला विचारात पाडणारा वाटला. "मामा, मॅनेजर म्हणतो तारीख जवळ आली, पाठवून दे. मी काय करणार? मी नोकर आहे."

मी त्याला फोक्सवॅगनची गोष्ट सांगितली. २०१५ साली उघडकीला आलं, की त्यांच्या डिझेल मोटारींत असा प्रोग्रॅम घातला होता की धुराची चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती सज्जन व्हायची. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास अशा गाड्या. अमेरिकेत त्या कंपनीचा एक इंजिनिअर, जेम्स लियांग, याला २०१७ साली चाळीस महिन्यांची कैद आणि दोन लाख डॉलर दंड झाला. मालक तो नव्हता, नोकरच होता. म्हणजे सही नसली तरी बेडी पडायची तेव्हा पडते. फक्त ती आधी कुणाच्या हातात पडेल याचा नेम नाही. विलायतेत ती पाव विकणाऱ्या बाईच्या हातात पडली.

म्हणून सांगतो, सही म्हणजे नोकराच्या गळ्यातला फास नव्हे. ती त्याच्या हातातली एकुलती एक ढाल आहे. आमच्या शाखेतले एक हेडकॅशियर साडेपाच फुटांचे, दम्याचे पेशंट. पण रीजनल मॅनेजर जरी समोर उभे राहिले आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय, करा सही," तरी हे म्हणत, "साहेब, मोजल्याशिवाय होणार नाही." आणि रीजनल मॅनेजर बसून राहत! दम्याच्या माणसात ही ताकद कुठून आली? सहीतून. सही करण्याची सक्ती ज्याच्यावर असते, त्यालाच ती नाकारण्याचा अधिकार असतो. भाच्याच्या मॅनेजरला तारीख दिसते, कारण तारखेखाली मॅनेजरचं नाव आहे. प्रोग्रॅमखाली भाच्याचं नाव येऊ द्या. मग बघा तो कसा खुर्चीत ताठ बसतो ते.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. ज्या प्रोग्रॅमवर माणसाचा पैसा, प्रकृती किंवा अब्रू अवलंबून आहे, तो बाहेर पडताना एका जाणत्या माणसाची नावानिशी सही. ज्ञात चुकांची वही ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापुढं उघडी. आणि 'मी सही करणार नाही' म्हणणाऱ्याची नोकरी कायद्यानं शाबूत. यातली एकही गोष्ट नवी नाही. तीनही आम्ही दहा रुपयांच्या व्हाउचरला पाळतो.

सरकार हे कधी करील ते सरकारला ठाऊक. पण आपणही काही कमी नाही. आज मध्यमवर्गीय घरात मुलगा बारावी झाला की तो कॉम्प्युटरला जातो, हे पत्रिकेत लिहिल्यासारखं ठरलेलं. पोरगं लागलं की आपण पेढे वाटतो, पॅकेजचा आकडा तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. ते पोरगं करतं काय, ते कुणाच्या घरावर जाऊन आदळतं, हे आपण कधी विचारत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणतात, "कॉम्प्युटरमध्ये आहे," मुलीकडचे म्हणतात, "आमचीही कॉम्प्युटरमध्येच आहे," आणि दोन्हीकडचे पोहे खातात. एकदा तरी कुणी वडीलधाऱ्यानं बशी खाली ठेवावी आणि विचारावं, "ते सगळं छान आहे हो, पण आपण सही कशावर करता?"

स्थळ मोडेल कदाचित. पण ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर असेल, त्याला मुलगी डोळे मिटून द्यावी.